मोव्हसेस खोरेनात्सी : आर्मेनियाचा इतिहासपिता आणि त्याच्यावरचा खटला

चौकस_वाचक

येरेवानमध्ये मातेनादारान नावाचं जुन्या हस्तलिखितांचं भांडार आहे. त्याच्या दाराशी सहा थोर पुरुषांचे पुतळे उभे आहेत, त्यातला एक मोव्हसेस खोरेनात्सीचा. आर्मेनियन लोक त्याला 'पात्माहाइर' म्हणतात, इतिहासाचा पिता. सरकार त्याच्या नावाने पदक देतं. आणि याच माणसाच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद (रॉबर्ट थॉमसन, १९७८) उघडला की प्रस्तावनेत खुद्द अनुवादकच त्याला धडधडीत बनवाबनवी करणारा ठरवतो. एकाच माणसाबद्दल एवढी दोन टोकं कशी, म्हणून पुस्तक नेटाने वाचून काढलं. हा धागा त्यासाठी.

ग्रंथाचं नाव 'हायोत्स पात्मुत्युन', म्हणजे हाय लोकांचा इतिहास. आर्मेनियन लोक स्वतःला हाय म्हणवतात. ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात मूळपुरुष हायकपासून अलेक्झांडरपर्यंत, दुसऱ्यात अर्शाकुनी राजघराणं ते ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, तिसऱ्यात ४२८ साली ते घराणं संपतं तिथपर्यंत. पुढे लिपीचा जनक मेस्रोप माश्तोत्स आणि धर्मगुरू साहाक यांचे मृत्यू, आणि सगळ्यात शेवटी एक लांबलचक विलाप. राजा नाही, गुरू नाही, शिकवणारे अडाणी आणि न्यायाधीश लाचखाऊ. तो विलाप आजही अंगावर येतो.

लेखक स्वतःबद्दल सांगतो की मी माश्तोत्सचा शिष्य, गुरूंनी अलेक्झांड्रियाला शिकायला पाठवलं, परतलो तेव्हा गुरू हयात नव्हते. साहाक बाग्रातुनी नावाच्या सरदाराने 'आमच्या लोकांचा इतिहास लिहा' म्हटलं, म्हणून म्हातारपणी लिहायला बसलो. हा साहाक बाग्रातुनी ४८२ मध्ये इराणी सैन्याशी लढताना पडला. म्हणजे लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवला तर ग्रंथ पाचव्या शतकातला.

पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच तो आपल्या जुन्या राजांवर घसरतो. आपण लहान, संख्येने थोडके, पुष्कळदा दुसऱ्यांच्या टाचेखालचे, हे सगळं खरं. पण आपल्या देशातही लिहून ठेवण्याजोगे पराक्रम झाले होते आणि एकाही राजाने ते लिहवून घेतले नाहीत, असा त्याचा राग आहे. मला हा राग फार आवडला.

मग येतो हायक. बायबलमधल्या बाबेलच्या काळातला धिप्पाड वीर. बेल नावाचा राक्षसी राजा सगळ्यांना वाकवू बघतो, हायक ऐकत नाही. मुलंनातवंडं आणि तीनशे माणसं घेऊन उत्तरेला निघतो. बेल सैन्य घेऊन मागे येतो. वान सरोवराच्या परिसरात गाठ पडते आणि हायकचा लांब पल्ल्याचा बाण बेलच्या छातीवरचा लोखंडी पत्रा भेदून आरपार जातो. एकोणिसाव्या शतकात अलिशान नावाच्या आर्मेनियन पाद्री-विद्वानाने या लढाईचं वर्षसुद्धा काढलं : इ.स.पू. २४९२. आजही काही जण तिथून आर्मेनियन संवत मोजतात!

हे सगळं कळलं कुठून? तर म्हणे पहिला अर्शाकुनी राजा वाघार्शाक याने मार अबास कातिना नावाच्या सीरियन पंडिताला निनेव्हेच्या दप्तरखान्यात पाठवलं. तिथे त्याला एक ग्रीक पुस्तक सापडलं, अलेक्झांडरच्या हुकमाने खाल्डियन भाषेतून केलेलं. आता निनेव्हे इ.स.पू. ६१२ मध्येच बेचिराख झालं होतं. वाघार्शाक त्यानंतर चारपाच शतकांनी आला. तो दप्तरखाना कुणी सांभाळला देव जाणे.

तर मंडळी, हा माणूस वाचायचा कसा?

पानगळ

वाचनखूण साठवली. बाळबोध प्रश्न : त्या वेळी आर्मेनियाचं राज्य होतं की नव्हतं? 'देशाचा इतिहास' लिहायला आधी देश लागतो ना?

चौकस_वाचक

@पानगळ, मुद्द्यालाच हात घातलात. ३८७ च्या सुमारास रोम आणि इराण यांनी आर्मेनिया वाटून घेतला, मोठा तुकडा इराणकडे गेला. तिथे अर्शाकुनी राजे नावाला उरले. ४०५ च्या आसपास माश्तोत्सने लिपी केली, त्याआधी आर्मेनियन भाषेत लिहिण्याची सोयच नव्हती. दरबारात आणि चर्चमध्ये ग्रीक नाहीतर सीरियाक चाले. ४२८ मध्ये राजाच गेला. म्हणजे लिपी आली आणि वीसबावीस वर्षांत राज्य बुडालं.

आणि बुडवलं कुणी? सरदारांनी स्वतः! राजा छंदीफंदी आहे, काढून टाका, म्हणून ते इराणच्या शहाकडे जाणार होते. धर्मगुरू साहाक यांनी साथ द्यावी म्हणून गळ घातली. खोरेनात्सी हा प्रसंग फार ताकदीने रंगवतो. साहाक म्हणतात, माझं मेंढरू आजारी आहे हे मला मान्य, पण त्याच्या बदल्यात मी धडधाकट श्वापद आणणार नाही. सरदारांनी ऐकलं नाही. राजा गेला आणि त्याच्या जागी इराणी सुभेदार आला.

दस्तऐवज

लेख चांगला आहे, पण खटल्याची बाजू तुम्ही फारच मऊ मांडली. फिर्यादीतर्फे मी बोलतो.

एक, काळ. खोरेनात्सी आर्मेनियाचे पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे भाग वापरतो. ही चार भागांची व्यवस्था बायझंटाइन सम्राट जस्टिनियनची, ५३६ सालची. पाचव्या शतकात मेलेल्या सरदारासाठी लिहिणाऱ्याला ती ठाऊक असायचं कारण नाही. सॉक्रेटिस नावाच्या ग्रीक चर्च-इतिहासकाराचा आर्मेनियन अनुवाद सातव्या शतकाच्या अखेरचा, आणि खोरेनात्सीच्या मजकुरात त्याच्या खुणा दिसतात असं म्हणणारे अभ्यासक आहेत.

दोन, मौन. पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा घाझार पार्पेत्सी आपल्या आधीच्या इतिहासकारांची नावं घेतो. आगाथांगेलोस आहे, पाव्स्तोस आहे, कोर्युन आहे. खोरेनात्सी नाही. समजा एका लेखकाने आपल्या लोकांचा आदिपुरुषापासूनचा इतिहास नुकताच लिहून ठेवला आहे आणि पुढच्याच इतिहासकाराला त्याची गंधवार्ता नाही, हे पटतं का? त्याचा ठळक वापर दहाव्या शतकातल्या इतिहासकारांपासून दिसतो.

तीन, हेतू. त्यावर सवडीने लिहितो, तोच मुख्य मुद्दा आहे.

गुटश्मिड, कारिएर, खालात्यांत्स हे एकोणिसाव्या शतकातले टीकाकार, विसाव्यात तुमानोफ आणि थॉमसन. यातले खालात्यांत्स स्वतः आर्मेनियन होते. तेव्हा 'बाहेरच्यांचं कारस्थान' हा सूर कृपया लावू नये.

सह्यकडा

आपल्या बखरींची आठवण झाली. त्यांनाही 'कागद कुठाय?' म्हणून झोडपलं गेलंच की.

चौकस_वाचक

@सह्यकडा, ओघात आलं म्हणून सांगतो, फरक मोठा आहे. सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली ती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत. त्याने तो काळ पाहिला होता. खोरेनात्सीला हजारो वर्षं भरून काढायची होती. हा विषय इथेच थांबवू, नाहीतर धागा रायगडावर जाईल आणि आर्मेनिया खालीच राहील.

@दस्तऐवज, चार आर्मेनियांचा मुद्दा वजनदार आहे. पण मालखास्यांत्स, गागिक सार्गस्यान यांच्यासारखे अभ्यासक पाचव्या शतकावर ठाम राहिले. असले उल्लेख नंतरच्या नकलकारांनी घुसडले असतील, असं त्यांच्या बाजूचं म्हणणं.

नांगरमुठी

काळाचं भांडण चालू द्या, मी दगडांबद्दल बोलतो. तोच माझा प्रांत.

खोरेनात्सीच्या पहिल्या भागात शामिराम येते, म्हणजे ग्रीकांची सेमिरामिस, अश्शूरची राणी. देखण्या आरा राजावर ती भाळते. तो नकार देतो, ती सैन्य घेऊन येते आणि लढाईत आरा मरतो. राणी म्हणते, माझे देव याच्या जखमा चाटून याला उठवतील. देव काही उठवत नाहीत. मग ती प्रेत गुपचूप पुरते, आपल्या एका प्रियकराला आरासारखं नटवते आणि 'राजा जिवंत झाला' अशी आवई उठवते. इथे बघा, खोरेनात्सी चमत्कार सांगत नाही, चमत्कारामागचं राजकारण सांगतो. दंतकथेचा कारखानदार म्हणून ज्याला हिणवतात त्याची ही रीत आहे.

पुढे तीच राणी वान सरोवराकाठी शहर वसवते, पाण्याचा कालवा बांधते. वानच्या कातळाचं वर्णन मुळातून वाचा. आता लोखंडाने एक रेघ ओढता येणार नाही असा दगड, त्यात दालनं कोरलेली, आणि सगळ्या पृष्ठभागावर मेणावर लेखणी चालवावी तशी अक्षरं. हे वाचून पॅरिसच्या सँ-मार्तँ या विद्वानाची उत्सुकता चाळवली आणि १८२७ मध्ये शुल्त्स नावाच्या जर्मन प्राध्यापकाला तिकडे पाठवण्यात आलं. त्याने वानला ४२ कोरीव लेख उतरवून घेतले. कीलाक्षरं, पण भाषा कुणालाच न कळणारी. १८२९ मध्ये कुर्दिस्तानात त्याचा खून झाला. त्याच्या नकला पॅरिसला पोचल्या आणि १८४० मध्ये छापल्या गेल्या. पुढे १८८२ मध्ये सेस या इंग्रज विद्वानाने त्या वाचल्या तेव्हा एक अख्खं विसरलेलं राज्य उजेडात आलं : उरार्तू.

आणि शामिरामचा कालवा? तो उरार्तूच्या मेनुआ राजाने इ.स.पू. ८०० च्या आसपास बांधलेला निघाला. काठाच्या भिंतींत त्याचे लेख आहेत : हा कालवा मेनुआने केला, याला हात लावील त्याचं देव वाटोळं करो. पन्नास किलोमीटरहून लांब. आपल्या काळापर्यंत त्यातून पाणी वाहत आलं, आणि लोक त्याला शामिरामचंच नाव देत राहिले.

म्हणजे राणी खोटी, कालवा खरा. खोरेनात्सीला उरार्तू ठाऊक नव्हतं. ते राज्य त्याच्या हजारेक वर्षं आधीच संपलं होतं आणि ती अक्षरं वाचणारा कुणी उरला नव्हता. पण बांधकाम डोळ्यांपुढे होतं. ते त्याने (किंवा त्याला माहिती देणाऱ्याने) नीट पाहिलं आणि नीट लिहिलं.

मैनाताई

सुंदर चर्चा. @नांगरमुठी, दगडांना गाण्यांची जोड देते.

खोरेनात्सीने गोघ्तन प्रांतातल्या शाहिरांची गाणी उतरवून ठेवली आहेत. हे लोक बांबिर नावाच्या वाद्यावर ख्रिस्ती धर्म येण्याआधीची जुनी गाणी गात. चर्चला ती नकोशी होती. खोरेनात्सीने ओळी टिपल्या नसत्या तर आज आपल्याला त्यातलं फारसं काही मिळालं नसतं. वाहाग्न देवाच्या जन्माचं गाणं तर लाजवाब आहे : आकाशाला वेणा आल्या, धरतीला वेणा आल्या, जांभळ्या समुद्राला वेणा आल्या; समुद्रातल्या तांबड्या बोरूतून धूर निघाला, ज्वाळा निघाली, आणि ज्वाळेतून धावत आला अग्निकेसांचा मुलगा. हा वाहाग्न म्हणजे इराणी वेरेथ्रग्न, आपल्या ऋग्वेदातल्या वृत्रहन् इंद्राचा नातलग. 'आम्ही स्वतः कानांनी ऐकलं' असं खोरेनात्सी सांगतो.

मला सगळ्यात आवडतो आर्तावाझ्दचा शाप. आर्ताशेस राजा मरतो तेव्हा शोकात पुष्कळ लोक जीव देतात. त्याचा मुलगा आर्तावाझ्द वैतागून म्हणतो, सगळा देश बरोबर घेऊन निघालात, मी काय या ओसाडीवर राज्य करू? बाप शाप देतो. मग आर्तावाझ्द मासिस डोंगराच्या, म्हणजे अरारातच्या, गुहेत साखळदंडांत अडकून पडतो. दोन कुत्रे त्याच्या साखळ्या कुरतडत राहतात. तो सुटला तर जगबुडी. लोहारांच्या घणाच्या आवाजाने साखळ्या पुन्हा घट्ट होतात. आणि खोरेनात्सी पुढे लिहितो की आमच्या काळातही कित्येक लोहार आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐरणीवर तीनचार रिकामे घाव घालतात, आर्तावाझ्दच्या साखळ्या मजबूत राहाव्यात म्हणून.

ही नोंद कुठल्या ग्रीक पुस्तकातून उचललेली नाही हो. लोहाराच्या भट्टीशी उभं राहिल्याशिवाय असलं काही सुचत नाही.

अवांतर : पहिल्या भागाच्या शेवटी आश्रयदात्याच्या आग्रहाखातर तो अझदहाक आणि ह्रुदेन यांची इराणी कथा सांगतो. हाच तो शाहनाम्यातला झहाक आणि फरिदून. मुंबईच्या पारशी घरांत फरिदून अजून सापडतात. पण सांगण्याआधी चक्क झापतो : तुला या पोरकट इराणी कथांचा एवढा सोस कशाला? आश्रयदात्याला असं सुनावणारा लेखक निव्वळ भाट कसा?

दस्तऐवज

मैनाताई, झापतो ते कथांवरून. घराण्याच्या मोठेपणावरून कधी झापलं का?

आता तिसरा मुद्दा. त्या काळातल्या आर्मेनियात सरदार घराण्यांची चढाओढ होती. सेनापतिपद मामिकोन्यान घराण्याकडे, राजाला मुकुट चढवण्याचा मान बाग्रातुनी घराण्याकडे. पाव्स्तोसचा इतिहास मामिकोन्यानांच्या शौर्याने ओसंडून वाहतो. खोरेनात्सीत मामिकोन्यान अंग चोरून बसलेले दिसतात आणि जिथे तिथे बाग्रातुनी पुढे. ते घराणं शाम्बात नावाच्या ज्यू बंदिवानापासून आलं, असं तो सांगतो. वर बजावतो की बाग्रातुनी हायकचे वंशज असं कुणी मूर्ख म्हणाला तर ऐकू नका. बायबलमधल्या लोकांशी नातं, ख्रिस्ती जगात याहून वरचं कुळ कुठलं? बाग्रातुनींचं पारडं जड झालं आठव्या-नवव्या शतकात, आणि ८८५ च्या सुमारास आशोत बाग्रातुनी राजा झाला. असा ग्रंथ कुणाला आणि कधी हवा होता, हे तुम्हीच ठरवा.

तिरकस

थोडक्यात, जमीन कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या पणजोबाच्या नावे. 😄

नांगरमुठी

@दस्तऐवज, तुमचाच मुद्दा घेऊन एक उदाहरण देतो, त्यात तुमची आणि माझी दोघांचीही बाजू एकाच प्रकरणात सापडते.

दुसऱ्या भागात आर्ताशेस राजाच्या कारभाराचं वर्णन आहे. गावांच्या आणि शेतांच्या हद्दी ठरवायला त्याने चौकोनी दगड घडवून जमिनीत रोवायला सांगितले. वाचणाऱ्याला हेही मीठमसाला वाटावं. १९०६ मध्ये सेवान सरोवराजवळ असा एक दगड सापडला, पुढे आणखी सापडत गेले. त्यांवर अरमाईक लिपीत आर्ताशेस राजाचं नाव! इ.स.पू. दुसरं शतक. ज्या काळात आर्मेनियनला लिपीच नव्हती त्या काळातल्या हुकमाची आठवण निदान सहाशे वर्षं टिकली आणि खोरेनात्सीने ती बिनचूक टिपली.

आता त्याच आर्ताशेसची बालकथा घ्या. खोरेनात्सी म्हणतो तो सानात्रुकचा मुलगा. येरवांद नावाच्या गादी बळकावणाऱ्याने त्याचं सगळं कुटुंब कापून काढलं. एका स्वामिनिष्ठ सरदाराने बाळाला पळवून वाचवलं, वाढवलं आणि गादीवर बसवलं. दगड काय म्हणतो? आर्ताशेस हा झारेहचा मुलगा आणि स्वतःला येरवांदच्याच कुळातला म्हणवणारा. आणि तो स्वामिनिष्ठ सरदार कोण, माहीत आहे? स्म्बात बाग्रातुनी.

दस्तऐवज

हा पुरावा मान्य. दोन्ही अंगांनी मान्य.

हुगळीकाठ

मी बरीच वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून इकडची थोडी भर घालतो. खोरेनात्सी पहिल्यांदा छापला गेला १६९५ मध्ये ॲम्स्टरडॅमला, आर्मेनियन पाद्र्यांच्या छापखान्यात. १७३६ मध्ये लंडनला व्हिस्टन बंधूंनी लॅटिन अनुवादासह काढला, तेव्हा युरोपातल्या पंडितांना तो खुला झाला. १७८४ ते ८६ मध्ये व्हेनिसच्या आर्मेनियन मठातल्या चामच्यान यांनी तीन जाडजूड खंडांत आर्मेनियाचा इतिहास लिहिला. त्याच्या प्राचीन भागाचा कणा खोरेनात्सीच. हायक, आरा, आर्ताशेस, सगळे ओळीने उभे. त्याच्या संक्षेपाचा इंग्रजी अनुवाद योहान्नेस अवदाल यांनी केला आणि तो १८२७ मध्ये कोलकात्यात छापला गेला.

त्या काळात आर्मेनियन लोकांचं राज्य कुठेच नव्हतं. पैसा आणि छापखाने परदेशातल्या व्यापाऱ्यांकडे होते. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'आझ्दारार' १७९४ मध्ये निघालं ते मद्रासला. मुंबईकरांनी फोर्टमधलं मेडोज स्ट्रीटचं आर्मेनियन चर्च पाहिलं असेल, ते १७९६ चं. सुरतेहून मुंबईला आलेली ही व्यापारी मंडळी. मायभूमी तुर्क आणि इराणी सत्तांखाली, आपण हिंदुस्थानात कापड नि जवाहीर विकतोय, अशा माणसाला 'आपण लहान, पण आपलेही पराक्रम होते' हे वाक्य कसं लागलं असेल याचा विचार करा. त्याला पाचवं शतक की आठवं, याच्याशी काय घेणं?

पानगळ

म्हणजे ज्यांना देश नव्हता त्यांनीच दोन्ही वेळा हा इतिहास उचलून धरला. माझ्या प्रश्नाचं उत्तर आडवळणाने मिळालं.

चौकस_वाचक

सगळ्यांचे आभार. थॉमसन वाचल्यावर मनात जो गुंता झाला होता तो या प्रतिसादांनी बराच सोडवला.

माझं मत सांगतो. काळाचं भांडण मी दस्तऐवज यांच्या बाजूने सोडतो. आपल्यापुढे आहे तो मजकूर पाचव्या शतकातला जसाच्या तसा आहे असं मला वाटत नाही. पण थॉमसनने केलेली नैतिक फिर्याद मी फेटाळतो. तो खोरेनात्सीला आजच्या संशोधकाच्या मापाने तोलतो. युसेबियस या ग्रीक चर्च-इतिहासकाराकडून घेतलेली वाक्यं दाखवतो, फिरवलेली नावं दाखवतो, ते सगळं रास्त. मात्र लोहाराची ऐरण आणि आर्ताशेसचे दगड यांचा हिशेब या तराजूत बसत नाही.

अनुवाद आल्यावर येरेवानमध्ये मोठी नाराजी झाली. मातेनादारानमध्ये काम करणाऱ्या एका तरुण भाषाशास्त्रज्ञाने १९८० मध्ये त्याचं परीक्षण लिहिलं. त्याचं नाव लेव्होन तेर-पेत्रोस्यान. अकरा वर्षांनी तो स्वतंत्र आर्मेनियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. जुन्या ग्रंथाच्या अनुवादाचा समाचार घेणारा पंडित राष्ट्रप्रमुख होतो, असा देश आहे हा. तिथे खोरेनात्सीचं शतक हलवणं म्हणजे नुसती तळटीप बदलणं नव्हे, आणि त्याच कारणाने तिथल्या अभ्यासकांना ते हलवणं जड जातं. ही अडचण समजून घेता येते, पण म्हणून ५३६ सालचा जस्टिनियन काही मागे सरकत नाही.

मैनाताई

पुढील लेखनास शुभेच्छा! पुढे काय वाचावं? खोरेनात्सी ४४० पाशी थांबतो, मग ४५१ ची अवारायरची लढाई कोणी लिहिली?

दस्तऐवज

मैनाताई, येघिशे. वार्दान मामिकोन्यान आणि इराण्यांविरुद्धचं युद्ध हाच त्याचा विषय. त्याच्याआधी पाव्स्तोस वाचा; राजे, खून, विषप्रयोग, विस्मृतीच्या किल्ल्यात कोंडलेला राजा अर्शाक, सगळं आहे. दोन्हीत मामिकोन्यानांची बाजू ऐकायला मिळेल, म्हणजे खोरेनात्सीने काय काय गाळलं ते आपोआप दिसेल. येघिशेचाही इंग्रजी अनुवाद थॉमसनचाच आहे, तेव्हा चौकसरावांनी प्रस्तावना शेवटी वाचावी.